मी चाटून पाहिलेली नाव

हे बायकोलाही माहीत नाही. तिला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. मी शब्दकोडं शेवटच्या पानावरची उत्तरं बघून सोडवतो, हेसुद्धा. पण नावेचं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही जयपूरचे नाही. निदान, नसाल अशी आशा आहे.

कुठून सुरुवात करू? नावेपासूनच करावी — पण कुठल्या? पहिली नाव तर कधी नव्हतीच.

मी मूळचा मेहकरचा, जिल्हा बुलढाणा. आमच्या घराण्याचा जलप्रवास टँकरपासून हंड्यापर्यंत. रेल्वेत लागलो, बदलीवर जयपूरला आलो, आणि ऑफिसात पाहतो तर ज्याच्या त्याच्या मागे एक गढी उभी. टपाल बघणाऱ्या कारकुनाच्या पणजोबांनी महाराजांना घोडा दिलेला. कँटीनवाल्याकडेसुद्धा खानदानी तलवार होती. तो तिनं नारळ फोडायचा. या थाटाची मी मनातल्या मनात भरपूर टर उडवत असे. मग एका दुपारी कुणीतरी विचारलं, "और आपके यहाँ क्या था, भाईसाहब?"

आता सांगा, हंडा म्हणायचं का? मी म्हणालो, रत्नागिरीला आमच्या आजोबांचा मासेमारीचा मचवा होता.

तलवार म्हटलं असतं तर कुणी बघायला मागितली असती. समुद्र तपासायला जयपूरहून कोण जातंय?

पण खोटंही पोसावं लागतं. सत्तावीस वर्षं मी ते पोसलं. वादळं आणली, शिडं फाडली. आजोबा नुसतं लाकूड चाटून नाव किती वर्षं टिकेल ते सांगायचे, असंही एकदा बोलून गेलो.

भंवरसिंहजी या सगळ्याचे सगळ्यात भाविक श्रोते. गार्ड म्हणून निवृत्त झालेले, विद्याधर नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहणारे. त्यांच्या घराण्याची गढी खरोखरच आहे — आणि तिच्याबद्दल ते कधी चकार शब्द काढत नाहीत. त्यांचं शेत धरणाच्या पाण्याला लागून. समोरच्या काठावर भाभीजींचं माहेर, आणि तिथे त्यांची ऐंशीच्या पुढची आई, एकटी. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर दोन बस आणि अर्धा दिवस. नावेनं अर्धा तास. म्हणून भंवरसिंहजींनी नाव घ्यायचं ठरवलं. नवी परवडत नव्हती, म्हणजे कुणा मासेमाराची जुनी. आणि जुनी घ्यायची तर जाणकार सोबत हवा.

"आप तो समंदर के आदमी हो."

जयपूरच्या वेशीवरचं सीतापुरा मागे पडायच्या आत खरं सांगून टाकायचं, असं मी गाडीत ठरवलं होतं. मग ठरवलं, टोंकच्या आत. मग धरण आलं.

काठावर दोन नावा विकाऊ होत्या. एक कालूजी नावाच्या म्हाताऱ्याची — काळीकुट्ट, डांबरावर डांबर, ठिगळावर ठिगळ. दुसरी निळी, ताज्या रंगाची, कडेला कमळ काढलेली. मी कालूजीच्या नावेपासून सुरुवात केली. टिचक्या मारल्या. कान लावला. भंवरसिंहजी इतक्या आशेनं बघत होते की — काय सांगू — चाटलीसुद्धा. ती चव अजून गेलेली नाही.

कालूजी बिडी ओढत सगळं बघत होता. म्हणाला, "साहब, चाटने से क्या होगा? बैठो, एक चक्कर मारते हैं."

बैठो! मला पोहता येत नाही. बादलीतल्या पाण्याशीसुद्धा मी जपून वागतो. पण खरी भीती पाण्याची होती का? म्हाताऱ्याच्या डोळ्यांत दिसत होतं की त्यानं मला ओळखलंय. मग मी चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "ये नाव मर चुकी है. अंदर से सड़ गई है."

त्यानं बिडी विझवली. "मेरी तो रोज़ जाती है जी," एवढंच म्हणाला.

निळ्या नावेच्या मालकानं मला आत बसायला सांगितलं नाही. म्हणून ती नाव उत्तम ठरली.

पहिल्या फेरीला भाभीजी नवी ओढणी घेऊन, मांडीवर आईसाठी चुरम्याच्या लाडवांचा डबा धरून बसल्या. वल्ही भंवरसिंहजींच्या हातात. नारळ मी फोडला. काठावरूनच. शंभरेक हात गेल्यावर नाव सावकाश बसायला लागली. कमळ पाण्याला टेकलं, तेव्हा क्षणभर ते शोभूनही दिसलं. मग भाभीजींनी डबा डोक्यावर धरला आणि किंचाळल्या. मी काय करत होतो? हात हलवत होतो.

त्यांना वाचवलं कालूजीनं — त्या मेलेल्या नावेतून. दोघांना ओढून घेतलं, डब्यासकट. काठाला लागल्यावर माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नाव बांधायला वळला. खांदा निकामी होत चालला म्हणून तो नाव विकत होता, हे मला नंतर कळलं. माझ्या निकालानंतर ती कुणीच घेतली नाही. अजून तोच वल्हवतो.

भाभीजींनी नावेत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही अशी शपथ घेतली. आता त्या दोन बस बदलून होळीला आणि दिवाळीला जातात. आई, म्हणे, अजूनही संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसते.

आठवड्यानं भंवरसिंहजी माझ्याकडे आले. हातात मावा कचोरीचा डबा, मान खाली. "आपकी परखी हुई नाव थी," ते म्हणाले. "मैंने ही कहीं पत्थर पे घिस दी होगी. माफ करना, भाईसाहब."

बायको आत चहा करत होती. दार उघडं होतं. मी कचोरी घेतली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांना माफ केलं.