एका तोंडचे दोन कागद

दरडवाल्या सरांना काहीही सांगा, त्यांचा सवाल ठरलेला. "पाहिलंत की ऐकलंत?" शेजारची म्हैस व्याली म्हटलं, तरी तेच. मी म्हटलं, "सर, म्हशीलाच विचारा की!" हसले, पण गोठ्यात डोकावून आलेच.

देशात आजवर कुठंकुठं दरडी कोसळल्या, त्यांची यादी कॉम्प्युटरवर करायचं काम चाललं होतं, आणि जुने कागद धुंडाळायचं सरांकडं होतं. आता तुळजापुरात कसल्या दरडी, म्हणाल तुम्ही. पण आमचं घर पुजाऱ्याचं. देवीला येणाऱ्या घराण्यांची नावंगावं आमच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली, त्यात घाटाकडची, कोकणातलीही. डोंगराखाली गेलेल्या गावातला वाचलेला माणूस कधीतरी देवीपुढं येतोच. म्हणून सर आले अन् महिनाभर आमच्या माडीवर राहिले.

"वहिनी, एका कागदावर गाव यादीत चढत नाही," ते सांगायचे. "दोन लागतात. आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नसावी."

"व्हय, सोयरीक करताना आमीबी असंच दोन घरी विचारतो," मी म्हटलं. "एकमेकांशी न बोलणाऱ्या!" हे त्यांना लई आवडलं.

एकदा शेंगा फोडता फोडता सहज बोलावं तसं ते बोलले. त्यांचं स्वतःचं गावच दरडीखाली गेलेलं. आई, भावंडं, सगळी. चुलत्याबरोबर बाजाराला गेलेलं हे लेकरू तेवढं वाचलं. पेपरात चार ओळी आलेल्या, पण दुसरा कागद कुठं मिळेना. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून मीही वह्या घेऊन बसले.

आणि मलाच सापडलं! माझ्या सासऱ्यांचं अक्षर : 'सारा गाव डोंगराखाली. चुलते-पुतणे दोघंच राहिले, दर्शनास आले.' मी साखर आणायला धावले. परत आले तर सर त्या ओळीवर बोट ठेवून बसलेले.

"हे सासऱ्यांना कुणी सांगितलं असेल?"

"तुमच्या चुलत्यांनी, दुसरं कोण? तुम्ही शेजारीच उभे असाल की!"

"पेपरवाल्यालाही काकांनीच सांगितलं होतं." त्यांनी वही मिटली. "दोन्ही कागद एकाच तोंडचे, वहिनी. नाही चालणार."

मला धक्काच बसला. "अहो, आई गेली तुमची! कुणाचा पुरावा मागता?"

"आईसाठी नियम मोडला, तर बाकीच्या गावांवर कोण विश्वास ठेवील?" म्हणाले, अन् माझ्या हातातली साखर मात्र खाल्ली.

परवा त्यांच्या विद्यार्थ्याचा फोन आला. सर गेले. मी नातीला फोनवर ती यादी उघडायला लावली. वाटलं, शेवटी तरी चढवलं असेल. किती शोधलं आम्ही. नाही म्हणजे नाहीच.

आमच्या घाटात मागं दगड घरंगळून एक शेळी मेली होती. ती दरड आहे यादीत. तिला दोन कागद होते.