धारची शिक्षा

देवासहून मी निघाले त्या सकाळी शेजारच्या मुकेशभियांची गाडी दारात उभी होती. डिकीत दोन मोठ्या बॅगा होत्या आणि तिसऱ्या पिशवीत आईने कोंबलेली लसणाची सेव. नवरा नोकरीवर रुजू व्हायला महिनाभर आधीच मेलबर्नला गेला होता. इंदूरच्या विमानतळापर्यंत मला सोडायला येऊ नका, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं, कारण तिथे रडारड झाली असती. तरी नाना, माझे वडील, पायात चपला न घालता गाडीपर्यंत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "घाबरून नको जाऊस. तिकडे पण मराठी मंडळ असतं म्हणतात. जाऊन भेटून घे. आपली माणसं आवाजावरून ओळखून घेतात."

ओळखलं. आवाजावरूनच ओळखलं. फक्त आपलं म्हणून नाही.

पहिल्याच गणपतीत मंडळातल्या एका बाईंनी मला विचारलं, "कधी आलात?" मी म्हटलं, "दोन महिने होऊन गेले. यायचं तर केव्हापासून सोचून राहिले होते." त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. ते हसू मी पुढे इतक्यांदा पाहिलं की आता अंधारातही ओळखीन.

"तुम्ही नॉर्थच्या का?"

"नाही, देवासची."

"म्हणजे यूपी?"

"एमपी. इंदूरजवळ."

"अच्छा! मग मराठी कशा काय शिकलात?"

काय सांगणार? आमचे पूर्वज साताऱ्याकडून संस्थानाच्या चाकरीत देवासला आले, त्याला कैक पिढ्या झाल्या. एकाच गावात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि आम्ही धाकट्या पातीचे. घरात मराठी, शाळेत हिंदी, भाजीवालीशी माळवी. श्राद्धाच्या दिवशी माझे आजोबा जी मराठी बोलायचे, ती पुण्यात आता कुणाला येत असेल की नाही, शंकाच आहे. आम्ही मराठी शिकलो नाही. आम्ही ती सांभाळली, आणि सांभाळताना तिला आजूबाजूचे रंग लागले. एवढं सगळं प्रसादाच्या रांगेत सांगता येत नाही. मी नुसतीच हसले.

मग सुधारणा सुरू झाल्या. 'विज्ञान'चं मी 'विग्यान' करते. 'कृष्णा'ला 'क्रिष्णा' म्हणते. 'चोर'मधला च मी 'चिमणी'तल्या चसारखा उच्चारते. हे सगळं खरं आहे. पण दर वाक्याला कुणी हात वर करून थांबवायला लागलं की माणूस वाक्यच आखूड करतो. मीही केली. त्यात एमपी म्हटल्यावर लोकांच्या डोक्यात पोहे, जिलेबी आणि पान खाऊन थुंकणारा कुणीतरी, एवढंच असायचं. दुसऱ्या वर्षी मंडळाने नाटक बसवलं. त्यात घरकामाला येणाऱ्या हिंदी बाईची भूमिका मला दिली. दिग्दर्शक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला अ‍ॅक्टिंग करावीच लागणार नाही!"

मी ती भूमिका केली. प्रत्येक वाक्याला हशा आला. घरी परतताना नवरा गाडी चालवत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. त्यानंतर मंडळात मी इंग्रजी बोलायला लागले. इंग्रजी चुकलं तर कुणी हसत नव्हतं.

याहून वाईट गोष्ट मी स्वतः केली, तीही सांगते. एकदा फोनवर आई म्हणाली, "मी तुझ्या आत्याला बोलली की पोरगी खूश आहे." मी तिला मध्येच अडवलं, "आई, 'बोलली' नाही, 'म्हणाले' म्हणायचं." आई म्हणाली, "बरं बाई." पुढे कितीतरी दिवस फोनवर ती मोजून मापून बोलायची, परक्याशी बोलावं तशी. त्या दिवसाची लाज मला अजून आहे.

दरम्यान मी दुभाष्याची परीक्षा दिली. इथे दवाखान्यात, कोर्टात, सरकारी कचेरीत ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी दुभाषी बोलावतात. परीक्षेसाठी मी पुण्याच्या बातम्या ऐकून ऐकून एक वेगळा आवाज तयार केला. घोटून, इस्त्री करून. पास झाले. कामावर तो आवाज, घरी माझा. नवरा म्हणायचा, "तुझा कॉल सुरू झाला की वाटतं घरात दुसरीच बाई आली."

मग ते काका भेटले. त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने हे लिहितेय. नाव लिहीत नाही, काका एवढंच म्हणते.

एका दवाखान्यातून बोलावणं आलं. वय ऐंशीच्या जवळ, घरात पडले म्हणून दाखल केलेले, आणि आता विस्मरणाच्या आजाराची शंका. आदल्या दिवशी फोनवरच्या दुभाष्याकरवी तपासणी झाली होती आणि ती फार वाईट गेली होती. आज पुन्हा करायची होती, म्हणून समोरासमोर कुणीतरी हवं होतं. मुलाला बाहेर बसवलं होतं, कारण अशा तपासणीत घरच्यांनी उत्तरं सुचवायची नसतात. तो मला दारातच म्हणाला, "घरी ते एकदम ठीक असतात. इथे काय होऊन राहिलंय, समजत नाही." त्याचं ते 'होऊन राहिलंय' माझ्या कानाने टिपलं, पण मी इस्त्रीचा आवाज लावूनच आत गेले.

"नमस्कार. मी आपली दुभाषी. आपण जे बोलाल ते मी डॉक्टरांना सांगेन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बाई, माझी मराठी तुम्हाला नाही समजणार. काल पण नाही समजली."

मी ते वाक्य इंग्रजीत केलं. डॉक्टर तरुण होत्या, सज्जन होत्या. त्या म्हणाल्या, "काल ते म्हणाले की धारमध्ये त्यांनी अकरा वर्षं शिक्षा भोगली. मुलगा म्हणतो असं काही झालंच नाही. त्यांना पुन्हा विचाराल?"

मी विचारलं. काका म्हणाले, "हो, अकरावीपर्यंत शिक्षा धारलाच झाली. मग धामनोदला आलो, ट्रकच्या पार्टची दुकान टाकली."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हिंदी शाळेत गेलेला धारचा मराठी माणूस शिक्षणाला शिक्षाच म्हणणार, माझे नानाही म्हणतात. काल फोनवर असलेल्या कुणीतरी त्या शिक्षणाचा तुरुंगवास करून टाकला होता.

नियमाप्रमाणे मी आधी डॉक्टरांना सांगितलं की दुभाष्याला खुलासा करायचा आहे. त्यांनी मान हलवली, तसा 'शिक्षा'च्या दोन अर्थांचा घोळ मी समजावला. मग मी काकांकडे वळले आणि माझ्या आवाजात बोलले. "काका, घरी बोलता तसंच बोला. शुद्ध-बिद्ध सोडून द्या. मी देवासची आहे."

ते सरळ होऊन बसले. डोळे बारीक करून मला न्याहाळलं आणि विचारलं, "थोरली पाती का धाकटी?"

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाले?" दुभाष्याला सगळंच सांगावं लागतं. दोन राज्यांची ती गोष्ट मी त्यांना दोन वाक्यांत सांगितली. त्या हसल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "काल ते असंही म्हणाले की मी तुमची थट्टा करतोय. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा."

मी काकांना विचारलं. ते कळवळून म्हणाले, "थट्टा कशाला करीन? हात कापत होता. मी म्हटलं, चेष्टा करून राहिलोय नं."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हेही मी डॉक्टरांना सांगितलं. हात कापणारा म्हातारा सांगत होता की मी प्रयत्न करतोय, आणि कागदावर लिहिलं गेलं होतं की रुग्ण टवाळी करतो, सहकार्य करत नाही. डॉक्टरांनी वाचून दाखवलेल्या त्या कागदावर आणखी एक शेरा होता, वाक्यरचना विस्कळीत. ती विस्कळीत वाक्यरचना म्हणजे माझ्या आईची वाक्यरचना.

तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली. शंभरातून सात सात कमी करत जायचं होतं. काका म्हणाले, "तिरानवे, छियासी, उन्यासी, बहत्तर, पैंसठ," आणि थांबायला तयार नव्हते. डॉक्टर हातातल्या कागदावर ताळा बघत मागे राहिल्या. वार, महिना, मजला, सगळं बरोबर आलं. घड्याळाचे काटे थरथरत निघाले, पण जागेवर निघाले. पुढे पडण्याचं कारणही सापडलं, रक्तदाबाची एक गोळी त्यांना जास्त होत होती. विस्मरणाची शंका कागदावरून काढली गेली. त्यांच्यासाठी वृद्धांच्या केंद्रातली जागा बघणं सुरू झालं होतं, ते थांबलं आणि काका मुलाच्या घरी गेले.

मी झाला प्रकार संस्थेला लेखी कळवला. कुणाचं नाव मला माहीत नव्हतं आणि नकोही होतं. पण आमची दुनिया लहान. चार दिवसांनी त्या दुभाष्याबाईंचाच फोन आला.

"तुम्ही माझी तक्रार केलीत? अहो, ते जे बोलत होते ती मराठीच नव्हती!"

पूर्वीची मी असते तर सॉरी म्हणाले असते. त्या दिवशी म्हटलं, "ती मराठीच होती. तुम्हाला समजली नाही, एवढंच डॉक्टरांना सांगून द्यायचं होतं. तुम्ही त्यांना वेडं ठरवलंत."

"आपण भाषेचा काही दर्जा ठेवायचा की नाही?"

"ठेवा नं. पण माणूस समजून घेतल्यावर."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी सगळं संभाषण देवासच्या आवाजात केलं होतं. इस्त्रीचा आवाज मी तेव्हापासून वापरत नाही. समोरचा कोल्हापूरचा असो की नागपूरचा, अर्थ चोख पोचवते, अडलं तर विचारते, आणि बोलते माझ्यासारखीच. मंडळाने पुढच्या नाटकात पुन्हा तसलीच भूमिका देऊ केली. मी म्हटलं, सूत्रसंचालन द्या, नाहीतर राहू द्या. बरीच कुजबुज झाली, पण दिलं. कार्यक्रमात मी 'विग्यान' म्हणाले तेव्हा तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मी थांबले, त्यांच्याकडे पाहिलं आणि तोच शब्द तसाच पुन्हा म्हणाले. मग पुढे गेले.

हे वाचणाऱ्या देवासच्या मंडळींनो, तुम्हालाही एक सांगायचंय. गेल्या खेपेला तिकडे आले तेव्हा मी घरचंच बोलत होते, तरी भावाची मुलगी म्हणाली, "आत्या, तुम्ही किती प्युअर मराठी बोलता! आमची तर एकदम खराब आहे." खराब नाहीये, पोरी. असं कुणी शिकवलं तुम्हाला? इथे परकी आणि तिथे पाहुणी, अशी माझी गत झालीच आहे, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. घर म्हणजे कुठलं गाव, हा प्रश्न मी सोडून दिलाय. ज्याच्याशी बोलताना मनातलं वाक्य दुरुस्त न करता तोंडातून जाऊ देते, त्या माणसापाशी माझं घर. आईपाशी ते मी एकदा मोडलं होतं. माफी मागून, रोज फोन करून, ते पुन्हा उभं केलं.

यंदा दुभाष्यांची नोंदणी नव्याने झाली. अर्जात भाषेपुढे बोलीचा रकाना होता. मी लिहिलं, धार-देवास. कचेरीतून फोन आला की यादीत असं काही नाही. म्हटलं, मग घाला. त्यांनी घातलं. त्या ओळीपुढे बरेच महिने एकटं माझंच नाव होतं. मागच्या आठवड्यात एका मुलीने फोन केला. धारची, इथे नर्सिंग करते.

"ताई, माझं मराठी कच्चं आहे. वाचायला अटकते मी. पण घरी बोलतो आम्ही. मी नाव देऊन देऊ का?"

"देऊन दे," मी म्हटलं. "परीक्षेपुरतं वाचायचं मी शिकवीन, रविवारी येत जा. बोलण्याला मात्र हात लावू नकोस."