खुनाचं पारायण

नवस बोलताना माणसानं जरा विचार करावा हो! मी केला नाही, आणि आमच्या घाटंजीच्या घरात काय गोंधळ माजला, तो ऐकाच.

माझ्या लेकीची, पूनमची, नोकरीची मुलाखत होती. मी देवघरापुढं हात जोडले. पण उपास माझे आधीच इतके, की नवा धरायला आठवड्यात वार शिल्लक नव्हता! म्हटलं, "देवी माय, पोरीला नोकरी लागू दे. ती कधीची 'वाच, वाच' म्हणून मागं लागली आहे, ती कादंबरी सात दिवसांत वाचून काढीन."

लागली ना नोकरी!

कादंबरी निघाली खुनाची. पण नवस तो नवस. पोथीला लावते तेच नियम मी तिला लावले. सकाळी आंघोळ, बसायला पाट, समोर समई, पुस्तकाला लाल कापड, आणि त्या दिवसाचा भाग संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही.

पहिल्याच दिवशी दिग्रसहून नणंदबाई आल्या. मी पाटावर. पुस्तकात नुकतंच विहिरीत प्रेत सापडलेलं. माझे डोळे भरून आलेले.

"अवो आई! वहिनी पारायणाले बसली!" नणंदबाई सासूबाईंच्या कानात कुजबुजल्या. "डोयातून पानी वाहून राह्यलं, पाह्य!"

मी जोरजोरात मान हलवून 'नाही, नाही' केलं. त्यांना वाटलं, भक्तीत डोलते आहे!

माझा भाग संपेस्तोवर त्या बसमध्ये बसल्याही होत्या. आणि बसल्या बसल्या अख्ख्या गोतावळ्याला फोन!

दुपारी मी सासूबाईंना गाठलं. "आई, ते पुस्तक म्हणजे…"

"चूप बस! नवसाचं बोलून दाखवलं का फळ जाते."

फळ म्हणजे पोरीची नोकरी! मी तोंड मिटलं.

मग काय विचारता! रोज कोणी ना कोणी दारात. उमरखेडचे मामासासरे नारळ घेऊन आले. जाऊबाई केळी घेऊन आल्या. त्या खुनाच्या पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं हो! एके दिवशी पुस्तकातल्या पोलिसांनी दार फोडलं, तशी मी दचकले. तर चुलतसासूबाई म्हणाल्या, "अंगात येऊन राह्यलं हिच्या!" आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. एवढी थोरली बाई! आणि मला 'अहो नको' म्हणायचीही सोय नाही.

सातव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. पुरण शिजलेलं. मामासासरे मांडी ठोकून समोर. "सूनबाई, शेवटचा अध्याय मोठ्यानं वाच. आमच्याबी कानावर पडू दे."

वाचलं तर सासरी अब्रू जाते, 'नको' म्हणायला तोंड उघडलं तर नवस मोडतो. आणि पोरगी नेमकी त्याच दिवशी कामावर रुजू होणार होती! अब्रूचं पाहू मागून, म्हटलं. डोळे मिटले, मनात देवीचं नाव घेतलं, आणि सुरू केलं.

"'हात वर करा!' इन्स्पेक्टर गरजला. डॉक्टर, थोरली सून आणि मुनीम, तिघांनीही हात वर केले."

नणंदबाईंचे जोडलेले हात तसेच हवेत. मला पुढचं अक्षर दिसेना.

"थांबली काहून?" मामासासरे ओरडले. "वाच ना व पोरी! खून कोनं केला?"

"डाक्टरनं केला असन," जाऊबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते? सुनेनंच केला!" सासूबाई ठामपणे म्हणाल्या, माझ्याकडे बघत.

मग मी जी सुटले! आवाज काढून, हातवारे करून वाचलं. पुरणपोळ्या थंड झाल्या, उमरखेडची बस गेली, कोणी जागचं हललं नाही. वाचून संपलं तेव्हा पूनमचा फोन आलेला होता, "आई, रुजू झाले!" आणि मामासासरे म्हणत होते, "आता पयल्या पानापासून होऊ दे!" माझ्या उभ्या संसारात सासरच्यांनी माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

फक्त खुनी कोण निघाला, विचारा. मुनीम! आणि मी? पोलीस गरिबाला उगाच छळतात म्हणून रोज साखरेचा नैवेद्य दाखवून त्याच्यासाठी पदर पसरत होते, "निर्दोष लेकरू आहे माय, सोडव त्याला!"

तर बायांनो, तुम्हीही एकदा असा पुस्तकाचा नवस बोलाच. मात्र शेवटचं पान येईस्तोवर देवीपुढं कोणाची जामीनकी घेऊ नका.