सात कोटांची मूठ

माझ्या नवऱ्याच्या हाती रबराचा डबा लागला की आमच्या घरातल्या एकाही दांड्याची खैर नसते. तो जहाजावर इंजिनियर आहे. सहा महिने समुद्रावर, दोन महिने सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आणि त्या दोन महिन्यांत साहेबांना आमचा फ्लॅट म्हणजे दुरुस्तीला आलेलं जहाजच वाटतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ते पातळ काळं रबर तो डबाभर आणतो आणि जे जे हातात धरायचं, ते ते त्यात बुडवतो. उलथनं, डोशाच्या तव्याची मूठ, मॉपचा दांडा, बादलीची कडी, सगळं काळं आणि मऊ. लोकांच्या बायका नवऱ्याने परदेशातून आणलेल्या पर्सेस दाखवतात, मी पाहुण्यांना उलथनं दाखवते. "निसटत नाही बघ हातातनं," असं तो प्रत्येक वेळी म्हणतो, जणू माझ्या हातून रोज उलथनी निसटून आत्तापर्यंत चार माणसं जखमी झाली आहेत.

आता मुलीचं सांगते. इतर मराठी मुली कथक शिकतात, आमच्या कन्येने शाळेत एअर पिस्तूल निवडलं. पुण्यातल्या सासूबाईंना अजून 'ती खेळात आहे' इतकंच सांगितलेलं आहे. एका हाताने पिस्तूल उचलायचं, दहा मीटरवरच्या कागदावरच्या ठिपक्यावर नेम धरायचा, छर्रा सोडायचा, आणि हे साठ वेळा करायचं. पिस्तूल घरी येत नाही, ते शाळेच्या रेंजमध्ये कडीकुलपात असतं. घरी येतो तो घामाने निथळलेला तळहात. ताण आला की माझ्या पोरीच्या हाताला असा घाम सुटतो की पुसायला पंचा लागावा. गेल्या वर्षी शाळेच्या संघाच्या निवडीच्या दिवशी पिस्तुलाची मूठ तिच्या हातात फिरली आणि ती संघाबाहेर गेली. घरी येऊन तिने स्वतःचा उजवा हात साबणाने दहा मिनिटं घासला. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत होते आणि त्या हातासाठी माझा जीव तुटत होता.

यंदा शेवटची संधी होती. वर्षाखेर परीक्षा, मग शाळाच संपणार. सहा मुली, चार जागा. निवड शनिवारी, आणि नवरा त्यानंतरच्या गुरुवारी जहाजावर. त्याने तिला नेम धरताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. दर वेळी स्पर्धा इकडे आणि बाप कुठल्यातरी समुद्रात.

प्रशिक्षक भला माणूस. त्याने पिस्तुलाची फक्त लाकडी मूठ काढून तिला घरी नेऊ दिली, सोबत शाळेची चिठ्ठी. ती एका स्क्रूवर बसते, सगळेच नेमबाज ती आपल्या हाताप्रमाणे घासून, भरून घेतात. कन्येने ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून ट्रेनमधून आणली. ज्या देशात दुरियानसारखं उग्र वासाचं फळ घेऊन गाडीत बसता येत नाही, तिथे ही बया पिस्तुलाची मूठ आणि उरलेला पुलाव एका पिशवीत घालून आली! मी चिठ्ठी तीनदा वाचली. प्रत्येक कागद तीनदा वाचायची मला सवयच आहे, बँकेत कंप्लायन्समध्ये काम करते मी. लोकांनी नियम वाचले आहेत की नुसत्याच सह्या ठोकल्या आहेत, हे शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. हे लक्षात ठेवा.

"घामाने निसटते?" नवरा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत जो काही प्रकाश पडला तो आमच्या लग्नातही पडला नव्हता.

पुढचे चार दिवस आमचं स्वयंपाकघर म्हणजे गोदी. मूठ पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसली, रबर कधीच सुटू नये म्हणून आधी प्रायमर लावला, स्क्रूच्या भोकावर टेप चिकटवली. मग डब्यात बुडवायची, सावकाश वर काढायची, थेंब निथळू द्यायचा. वाळवायला टांगली कुठे? कपडे वाळत घालायच्या बांबूवर, शाळेच्या दोन गणवेशांच्या मधोमध. शेजारच्या अंकलने खिडकीतून मान काढून विचारलं, ते काय आहे? उलथन्याची मूठ, मी म्हटलं. त्याने आमची उलथनी पाहिलेली आहेत, लगेच पटलं.

फ्रिजवर कागद लागला: पहिला कोट, वेळ, दुसरा कोट, वेळ. घरभर तो वास. वरणालाही रबराचा वास. दुसऱ्या कोटानंतर मी म्हटलं, "पुरे की आता."

"दोन कोट?" तो म्हणाला. "समुद्रावर दोन कोट म्हणजे आंघोळीनंतरची पावडर."

"अरे, तिला पिस्तूल चालवायचंय, मलाक्काची सामुद्रधुनी पोहून जायचं नाहीये."

पण ऐकतो कोण? सात कोट झाले. सातव्या दिवशी देवाने विश्रांती घेतली म्हणतात, याने सातव्या कोटानंतर घेतली.

खोटं कशाला बोलू, मूठ झाली होती मात्र झकास. कन्येने ती हातात धरली, हात लांब केला, डोळे मिटले. मी तिच्या तळहातावर मुद्दाम पाण्याचे चार थेंब टाकले. मूठ हलली नाही. "वॉव बाबा, शिओक लाह!" ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत एकदम भारी. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने पटकन डब्याचं झाकण शोधायला सुरुवात केली. झाकण त्याच्या हातातच होतं.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसा काही त्यालाच संघात घेणार होते. रेंजच्या दाराशी तपासणीचं टेबल होतं, आणि टेबलावर एक लाकडी खोका. आत बरोबर पाच सेंटिमीटर रुंद. पिस्तूल अलगद त्यात ठेवायचं, न दाबता बसलं तर पास. पहिल्या मुलीचं बसलं. दुसरीचं बसलं. आमचं अर्धं गेलं आणि थांबलं.

तपासणीवाल्या बाईंनी ते बाहेर काढायला उचललं. खोकाही बरोबर उचलला गेला. 'निसटत नाही बघ' हे त्याचं वाक्य इतकं खरं ठरेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी एकाने खोका धरला, दुसऱ्याने पिस्तूल ओढलं.

"कॅनॉट," बाई म्हणाल्या. शांतपणे. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडून मूठ किती जाड चालते तिथे बोट ठेवलं. आणि पुस्तिकेला टाचलेलं पालकांचं निवेदन दाखवलं: नियम वाचले आणि समजले. खाली सही. माझी. कुकरची तिसरी शिट्टी होत असताना ओट्यावर केलेली.

इंजिनाच्या भागात केसाएवढी फट राहिली तर ज्याला झोप लागत नाही, त्या माणसाने मूठ मोजली नाही. मोजायची कॅलिपर आमच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या शेजारी पडून होती. आणि मी, नियमांची राखणदार! असं जोडपं शोधून सापडणार नाही.

प्रशिक्षक म्हणाला, शाळेची जादा मूठ आहे, साधी, लाकडी, लगेच बसवतो. नाहीतर सुरुवात व्हायच्या आत हीच नीट करून आणा, पण तेवढी तयारीची वेळ जाईल, सरावाचे छर्रे मिळणार नाहीत. कन्येने जादा मुठीकडे पाहिलं. गेल्या वर्षी फिरली ती तसलीच होती. मग तिने बापाकडे पाहिलं.

"बाबा, कॅन ऑर नॉट?"

"कॅन," तो म्हणाला. आणि त्याने खिशात हात घातला.

त्याच्या खिशात पॉलिश पेपर होता. लोकांच्या खिशात रुमाल असतो. बापलेक मूठ घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये जमिनीवर बसले आणि घासू लागले. पण प्रायमर लावलेलं, सात कोटांचं, इमानदारीने केलेलं काम ते! रबर काही सुटेना. इस्त्रीचा शर्ट काळा झाला. आतून घोषणा ऐकू येत होत्या. आणि माझा पारा चढला.

"एका वस्तूला सोडू नकोस!" मी ओरडले. "उलथनं झालं, बादली झाली, आता पोरीचं वर्ष बुडव! कुणी सांगितलं होतं रे सात कोट द्यायला? घरी येतोस आणि जे दिसेल त्याला काळं फासत सुटतोस, कशासाठी?"

तो घासायचा थांबला नाही. वरही पाहिलं नाही. "आठ महिन्यांतले सहा तुम्ही माझ्याशिवाय काढता," तो म्हणाला. "मला दुसरं काय करता येतं इथे?"

कन्येचा हात क्षणभर थांबला, मग परत सुरू झाला. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. मी खाली बसले, पर्समधून बँकेचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या कडेने बाजूचं रबर खरवडू लागले. इतक्या वर्षांत त्या कार्डाचा झालेला हा पहिला उपयोग.

बाजू मोकळ्या झाल्या. तळहाताच्या खोलगट भागातलं रबर मात्र राहिलं, ते खोक्याला लागत नव्हतं. पिस्तूल बसलं. बाई म्हणाल्या, "ओके," आणि माझ्या काळ्या नखांकडे बघून मला एक टिश्यू दिला.

सराव न करता ती उभी राहिली. पहिले दहा छर्रे वाया गेले, अगदी वाया. नवरा काचेमागे उभा होता, दोन्ही हात खिशात. मग तिचा हात स्थिर झाला. पुढचे पन्नास मी श्वास न घेता पाहिले, आणि त्यात एकदाही तिने मूठ परत धरली नाही, एकदाही हात पुसला नाही. पण पहिले दहा कुठून भरून येणार? ती पाचवी आली. चार जणी संघात, पाचवी राखीव.

आम्ही घरची ट्रेन पकडली. दोन स्टेशनं गेल्यावर तो म्हणाला, "चूक माझी आहे."

"यॅ, युअर्स लाह," कन्या म्हणाली. बाहेर बघत. मग थोड्या वेळाने, "बट डिडन्ट स्लिप."

मला म्हणायची होती अशी निदान चाळीस वाक्यं माझ्याकडे तयार होती. पण माझी सही आठवत होती.

उतरताना तो तिला म्हणाला, "राखीव म्हणजे सराव करावाच लागेल. दर शनिवारी मूठ खोक्यात बसते का बघत जा. या हवेत लाकूड फुगतं." ती म्हणाली ओके. मला वाटलं, झालं, विसरली.

गुरुवारी तो गेला. पुढच्या आठवड्यात प्रशिक्षकाने तिला नवी मूठ देऊ केली. तिने नको म्हटलं. आणि शनिवारी आमच्या तिघांच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. सोळा वर्षांत जिने मला कधी मराठीत एक अक्षर लिहिलं नाही, जिला रविवारच्या मराठी वर्गाला तीन वर्षं ओढत न्यावं लागलं, तिने लिहिलं होतं: बसली.

दोन दिवसांनी, जहाजाला सिग्नल मिळाल्यावर, त्याचा अंगठा आला. मग दर शनिवारी तेच. तिची 'बसली', त्याचा अंगठा.

गेल्या शनिवारी तिला ताप होता, रेंजवर गेलीच नाही. संध्याकाळी त्याच्याकडून नुसतं प्रश्नचिन्ह आलं. पोर झोपली होती. मी फोन हातात घेतला, काही न पाहता, काही न मोजता लिहिलं: बसली. बँकेत असं केलं असतं तर नोकरी गेली असती.

सकाळी तिने ते वाचलं. "आई, यू नेव्हर चेक!"

"मग जा ना, बघून ये," मी म्हटलं.

ताप उतरल्यावर सोमवारी, शाळा सुटल्यावर, ती मुद्दाम त्यासाठी रेंजवर गेली. बसली होती.