सोनेरी डोक्याने रोह्याला

जोह्याहून पेणच्या एसटीत चढताना माझी धाकटी जाऊ शैला माझ्या उजव्या अंगाला पहारा देत होती. कुणाची पिशवी लागली असती तर मी किंचाळले असते. गेल्या वर्षी त्या हातावर नागीण उठली. नागीण गेली, पण आग मागे ठेवून गेली. नुसता पदर घासला तरी खांद्यापासून अंगठ्यापर्यंत हात भाजल्यासारखा होई.

आमचा गणपतींचा कारखाना. आखणी (मूर्तीचे डोळे रेखणं) लग्नापासून माझ्याकडे होती. उजव्या हातात ब्रश धरवेना, तेव्हा ती शैलाकडे गेली. तिचे गणपती मागून कुणीतरी हाक मारल्यासारखे दचकलेले दिसतात. असं मी म्हणते. गिऱ्हाइकं तसं म्हणत नाहीत, याचाच मला जास्त त्रास होतो. गोळ्या झाल्या, लेप झाले. आता रोह्याला एक डॉक्टरीणबाई डोक्यावर चुंबकाचं यंत्र धरून मेंदूला ठोके देतात, त्याने अशी आग कमी होते, असं कळलं होतं. यानेही गुण आला नाही तर आखणी कायमची सोडायची, असं मी ठरवलं होतं. कुणाला बोलले नव्हते.

पेणला रोह्याची रेल्वेगाडी पकडली. समोर एक म्हाताऱ्या खालाजान (मुसलमान मावशी) बसल्या होत्या. मुलगा कुवेतला, हे त्यांनी बसल्या बसल्याच सांगितलं.

"कुठं चालल्या गो तुमी?"

"रोह्याला. बायच्या डोक्याला चुंबक लावायचाय," शैला सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"मग ती चमकी काढून ठेव गो. नाकासकट खेचून न्यायचा!" खालाजान म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून त्यांनी हातावर खजूर ठेवला. "भिऊ नको. अल्ला बरा करील."

नागोठणं येईपर्यंत चमकी रुमालात गेली होती. बाहेर ऊन, मोकळी शेतं, आणि मी मात्र घामाघूम.

दवाखाना स्टेशनजवळच होता. डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या. "डोक्या-गळ्याजवळ धातू नको हं," त्या म्हणाल्या. मंगळसूत्र, कुड्या, केसातल्या पिना, सगळं शैलाच्या पर्समध्ये गेलं. मी खुर्चीत बसले. यंत्र डोक्याजवळ आलं आणि थांबलं.

"केसांत हे काय चमकतंय?"

मी सकाळीच डाव्या हाताने मुकुटांना सोनेरी भुकटी लावून आले होते. आमच्या घरात ती भुकटी भातावरही सापडते, त्यामुळे आम्हाला ती दिसेनाशी झाली आहे.

"पितळेची पूड हाय ती," शैलाने सहज सांगितलं.

डॉक्टरीणबाई यंत्रासकट मागे सरल्या. मग दवाखान्याच्या बेसिनवर, हात धुवायच्या साबणाने, शैलाने माझं डोकं खसाखसा धुतलं. पाणी सोनेरी वाहू लागलं. बाहेर थांबलेले पेशंट दारात गोळा झाले.

"मान हलवू नको गो बाय, मागं अजून मुकुट हाय," शैला म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंसकट सगळे हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग कानात बोळे घालून खरी सुरुवात झाली. टक्, टक्, टक्. डोक्यावर कुणी टिचक्या मारत असल्यासारखं वाटत होतं. इतक्यात माझा उजवा अंगठा आपोआप उडाला.

"मी नाही हलवला!"

"मी हलवला," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "जागा बरोबर सापडली."

इतके महिने माझं न ऐकणारा अंगठा परक्या बाईचं एका ठोक्यात ऐकतो, याचा मला मनापासून राग आला.

पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की गुण आलाच तर हळूहळू येतो आणि काहींना येतही नाही. रविवार सोडून रोज आम्ही केस धुऊन, डोक्याला घट्ट फडकं बांधून रोह्याला जात राहिलो. कारखान्यात मुकुट रंगवतात त्या दालनात मला बंदीच होती. येताना ठरलेल्या खानावळीत जेवायचो. एके दिवशी तिथे जिताड्याचं (खाडीतला चवदार मासा) कालवण होतं. शैला जेवायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"बाय, तू उजव्या हातानं काटं काढतेस."

मी हाताकडे पाहिलं. आग होती, पण चुलीतल्या राखेखाली असते तेवढीच. ती पुन्हा भडकेल या भीतीने मी उरलेला घास डाव्या हाताने खाल्ला.

शेवटच्या फेरीहून घरी आलो आणि मी थेट आखणीच्या पाटावर बसले. कारखान्यातला प्रत्येक जण अचानक कामात गढून गेला. शैलाने एक मूर्ती माझ्यापुढे ठेवली आणि बारीक ब्रश माझ्या हातात दिला. मी श्वास रोखून उजवा डोळा रेखला. वरची पापणी, खालची, मग बुबुळ. अंगठा जरासा चुरचुरला, पण हलला नाही. तो डोळा मूर्तीतून शांतपणे माझ्याकडे बघत होता.

"झाला गो बाय! आता डावा," शैला म्हणाली.

मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि तसाच धरून बसले. हात अगदी ठीक होता. डोळ्यांतल्या पाण्यामुळे समोरची मूर्तीच दिसेना.

शैलाने हळूच ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, स्वतःच्या पदराने माझे डोळे पुसले, आणि ब्रश परत माझ्याच हातात दिला.

"घाई नाय," ती म्हणाली. "देव थांबल."