मामांची टॉमी

१९७६ साल. मी अडतीस वर्षांचा. एकोणीस वर्षं ट्रक हाकून कंबर गेली, डॉक्टरनं स्टेअरिंग बंद केलं. शाळा दुसरीपर्यंत, दुसरं काम येत नव्हतं. सातारा रस्त्यावर, कात्रजच्या अलीकडे मामांची पत्र्याची खोली होती. तिथं मालवाहतुकीची दलाली शिकायला बसलो. समोरून गाड्या जायच्या, आणि मी खुर्चीला बांधल्यासारखा. मामा कमरेखाली गोणपाटाची घडी सारून म्हणायचे, "बस राजा, गादी तयार आहे."

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. हातात कायम टॉमी, टायर उचकटायची लोखंडी पट्टी. गाडीला माल देण्याआधी एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचे. "ड्रायव्हर गोड बोलतो, टायर खरं बोलतो." व्यापाऱ्यालाही सुनवायचे, "वजन खरं सांगा शेठ. घाटाला तुमची ओळख नाही."

एका दुपारी मामा दवाखान्यात गेलेले. एका व्यापाऱ्याचा फोन आला: लोखंडी सामान आहे, आजच साताऱ्याला निघालं पाहिजे. मी ऐटीत शब्द दिला. हाताशी गाडी एकच, सोपानची. तो माझ्याच हाताखाली ट्रक शिकलेला. गोदामावर माझ्यादेखत हमाल पेट्या भरत होते तेव्हा तो केबिनमध्ये झोपला होता. नऊ टनांच्या गाडीत बारा टन चढले. थांबवावं तर माझा शब्द जातो. मी गप्प राहिलो.

सोपान उठला. "दादा, वजन किती?"

"नऊ."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलंही नाही. निघाला.

मामा दवाखान्यातून परतले, तेव्हा त्यांना हमालांकडून कळलं. त्यांनी लगेच स्कूटर काढली. ते परत येईपर्यंत मी त्या खुर्चीत कसा बसलो, माझं मला ठाऊक. घाटाच्या पायथ्यावरून त्यांनी सोपानला परत आणलं, माल उतरवला. व्यापारी कायमचा तुटला.

"मामा, मी शब्द दिला होता."

"सोपानलाही दिलास की. नऊचा." टॉमी भिंतीला टेकवून म्हणाले, "आपण उद्यापासून येऊ नये."

एरवी मला अरेतुरे करणारा माणूस. ते 'आपण' अजून बोचतं.

मी हट्टी. माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडे लिंबाखाली खोकं मांडून बसलो, माझी जुनी टॉमी घेऊन. पहिली गाडी मामांच्या दारातून वळून माझ्यासमोर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "मामांनी पाठवलंय. म्हणाले, काल खोटं बोललाय, आता जन्मात बोलणार नाही."

मी मान वर केली नाही. टायर ठोकत गेलो. चौथा बद्द वाजला.

"टायर बदलून या," म्हटलं, "मग मालाचं बोलू."