थरावरचे कोरडे पट्टे

फरशीवाल्याला सगळे ‘ओल्या’ म्हणत. कुठल्याही घरात शिरला की भिंतीला हात लावून त्याचा पहिला शब्द, ‘ओल आहे.’ तीस वर्षं त्याने लोकांच्या न्हाणीघरांतलं पाणी अडवलं. सख्ख्या थोरल्या भावाच्या घरात मात्र सात वर्षं त्याला बंदी होती, आणि आई त्याच घरात. न्हाणीघरात घसरून तिचा खुबा मोडला, तेव्हा भावाचा निरोप आला: खालून तापणारी, लगेच वाळणारी जमीन करून दे. गळली तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

ओल्याने हत्यारं आईच्या खाटेखाली ठेवली. त्यांच्या निमित्ताने दिवसातून चारदा आत जाता येई.

उतार काढला, तापणाऱ्या वायरीची वेटोळी अंथरली, वर सिमेंटचा पातळ थर ओतला.

“हा वाळेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही,” त्याने बजावलं. “मग पाणी अडवणारा लेप. दोन दिवस पाणी तुंबवून बघायचं. मग फरशी.”

“तोवर आईला फडक्यानंच पुसायचं?” भाऊ करवादला. “एवढ्यात लोक घरं बांधतात!”

“बांधतात. मग मला बोलावतात.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दारातच थबकला. ओलसर, काळपट थरावर फिकट कोरडे पट्टे उमटले होते, नेमके वायरीच्या वळणांवर. कडेने केसासारख्या भेगा. बोटाने ठोकलं, तर आवाज पोकळ.

“बटण कुणी लावलं?”

“कुणी नाही. तुझंच काम फुटकं.”

“दादा, खाली वायर कुठून गेलीय ते थराला बरोबर कळलंय.”

भावाने पट्ट्यांकडे पाहिलं आणि उसळला. “लावलं! लवकर वाळावं म्हणून लावलं. तुला काय, जितकं लांबेल तितकं आईपाशी बसायला मिळतं!”

“मिळतं,” ओल्या म्हणाला. “पण लांबवलंस तू.”

थर फोडायचा म्हणजे वायरही गेली, सगळं पहिल्यापासून. त्याने जमीन तापवणाऱ्या वायरीचा फ्यूज उपसून खिशात टाकला.

“माझ्या घरातला फ्यूज आहे तो!”

“आईच्या पायाखालचा आहे. काम झालं की देईन.”

“काही नको. चालता हो. दुसरा फरशीवाला आणतो.”

भावाने बाहेरचं दार सताड उघडून धरलं. ओल्याने तिकडे पाहिलंही नाही. छिन्नी हवी होती. ती खाटेखाली होती. तो आईच्या खोलीत गेला, खाली वाकला, आणि हाताशीच असलेली छिन्नी बराच वेळ शोधत राहिला.